मांजर मतलबी असतं का? दोन पेपर आणि जर्नल क्लबमधली माझी फजिती

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईचा फोन आला. आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती, भाड्याच्या घरात सामान हलवायचं होतं आणि प्रश्न होता चिंगीचा. चिंगी म्हणजे आमच्या जिन्यात जन्मलेली, पाच वर्षं आमच्याकडे जेवणारी आणि आईच्या शिवणयंत्रावर झोपणारी मांजर. आईचं म्हणणं सरळ होतं: "अगं, कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं. ती राहील इथेच. तिला काय, चार दिवसांत दुसरं दार शोधेल."

मला राग आला, पण उत्तर काही सुचलं नाही. नेमकी त्याच आठवड्यात डिपार्टमेंटच्या जर्नल क्लबमध्ये माझी पाळी होती. माझं काम मुंग्यांवर आहे, पण आमच्याकडे अधूनमधून विषयाबाहेरचा पेपर घ्यायला परवानगी असते. मी 2019 सालचा, 'करंट बायॉलॉजी'मधला मांजरांवरचा पेपर उचलला. मनात गणित पक्कं होतं: इथे समजावून सांगायचा, मग आईला पाठवायचा, वाद मिटला.

वाद काही मिटला नाही. तिसऱ्या स्लाइडवर एका सीनियर दादाने एकच प्रश्न विचारला आणि मी नुसती उभी राहिले. तो प्रश्न कोणता, आणि त्यानंतर मी काय काय वाचलं, ते आज लिहितेय. पेट किंवा नेट देऊन पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी तर हे जरूर वाचा. "तुम्ही अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा" असं म्हटल्यावर आपण बहुतेक जण फक्त निष्कर्ष सांगतो. मीही तेच केलं होतं.

आधी आरोपपत्र

मांजरावरचे आरोप आपल्याला पाठ आहेत. मतलबी असतं, खाण्यापुरतं येतं, जीव लावत नाही, बेइमान असतं. भाषासुद्धा त्याच्या विरोधातच साक्ष देते. डोळे मिटून दूध पितं ते मांजर, शिंकं तुटल्यावर फावतं ते बोक्याचं, आणि काम बिघडलं की "सकाळी मांजर आडवं गेलं होतं" म्हणायला आपण मोकळे.

आता यातला कोणता आरोप प्रयोगाने तपासता येईल? "मतलबी" हा शब्द तपासता येत नाही. तो एक शेरा आहे. त्याचं मोजता येईल अशा गोष्टीत भाषांतर करावं लागतं. उदाहरणार्थ: अनोळखी जागी आपला माणूस जवळ असला की मांजर निवांत होतं का? माणूस गेला की अस्वस्थ होतं का? तो परत आला की सावरतं का? या भाषांतराला संशोधनाच्या भाषेत ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात. आपण नेटला ही व्याख्या पाठ करतो, दोन मार्क मिळवतो आणि विसरतो. पण पूर्वग्रह आत शिरतो तो बऱ्याचदा याच दाराने.

फूटपट्टी कुठून आली?

मांजरांच्या या प्रयोगांमागची फूटपट्टी माणसाच्या बाळांसाठी बनवलेली आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण 1970 च्या सुमारास 'स्ट्रेंज सिच्युएशन' नावाची पद्धत मांडली. एक-दीड वर्षाचं बाळ आणि आई एका अनोळखी खोलीत येतात. थोड्या वेळाने एक परकी व्यक्ती येते. आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. यात बाळ रडलं की नाही एवढंच बघायचं नसतं. खरी नजर ठेवायची ती आई परत आल्यावर काय होतं यावर. बाळ आईला बिलगतं, शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं, तर ती 'सुरक्षित अटॅचमेंट'. आई म्हणजे जणू मुक्कामाची जागा. तिथून निघून जग बघायचं आणि घाबरलं की परत यायचं.

1998 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच पद्धत कुत्र्यांना लावली, कुत्रा आणि मालक अशा 51 जोड्या घेऊन. कुत्रे मालकाशी आणि परक्याशी वेगळं वागले. म्हणजे फूटपट्टी बाळासाठी केली, मग ती कुत्र्याला बऱ्यापैकी लागू पडली, आणि शेवटी मांजराला लावली. हा क्रम लक्षात ठेवा.

पहिला पेपर: 2015, "मांजराला तुमची गरज नाही"

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अ‍ॅलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांचा हा पेपर 'प्लॉस वन'मध्ये आला. 20 मांजरं आणि त्यांचे मालक. याआधीच्या एका अभ्यासात मांजरांमध्ये अटॅचमेंट दिसते असा दावा झाला होता. या दोघांनी त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. आक्षेप महत्त्वाचा आहे.

समजा, पहिल्या टप्प्यात मांजर मालकाबरोबर आहे आणि खूप हिंडतंय, शेवटच्या टप्प्यात परक्याबरोबर आहे आणि गप्प बसलंय. हा फरक मालकामुळे पडला की नुसता वेळ गेल्यामुळे? खोली जुनी झाली म्हणूनही मांजर हिंडायचं थांबेल. यावर उपाय म्हणजे क्रम उलटापालट करणं. त्यांनी चाचणीच्या दोन आवृत्त्या केल्या. 10 मांजरांनी आधी एक दिली, 10 मांजरांनी आधी दुसरी, आणि नंतर अदलाबदल. याला क्रॉस-ओव्हर डिझाइन म्हणतात.

निकाल असा: मालक बाहेर गेला आणि मांजर परक्याबरोबर राहिलं, तेव्हा ते जास्त ओरडलं. त्याउलट परका गेला आणि मालक राहिला, तेव्हा कमी. बाकी सुरक्षित अटॅचमेंटची कोणतीही खूण मिळाली नाही. लेखकांनी लिहिलं की प्रौढ मांजरं नात्यांमध्येही बऱ्यापैकी स्वायत्त असावीत, आणि मांजर-मालक नातं समजायला वेगळ्या पद्धती शोधाव्या लागतील.

हे शेवटचं वाक्य बातम्यांमध्ये हरवलं. "अशा खुणा मिळाल्या नाहीत" याचं "मांजराचं तुमच्यावर प्रेम नाही" झालं.

दुसरा पेपर: 2019, "मांजर बाळासारखं जीव लावतं"

आता माझा लाडका पेपर. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टिन व्हिटाल, अलेक्झांड्रा बेंकी आणि मोनिक उडेल यांचा. पद्धत आटोपशीर आहे. मांजराचं पिल्लू आणि त्याला सांभाळणारा माणूस दोन मिनिटं अनोळखी खोलीत असतात, मग पिल्लू दोन मिनिटं एकटं राहतं, मग पुन्हा दोन मिनिटं दोघं. माणूस परत आल्यावर पिल्लाचं वागणं बघून त्याला एका गटात टाकायचं.

वर्गवारी झालेल्या 70 पिल्लांपैकी 64.3 टक्के 'सुरक्षित' गटात बसली, 35.7 टक्के 'असुरक्षित' गटात. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण दिल्यावरही हे चित्र फारसं बदललं नाही. 38 प्रौढ मांजरांमध्ये आकडा 65.8 टक्के आला. माणसाच्या बाळांमध्ये तो साधारण 65 टक्के मानला जातो.

तुम्हीच सांगा, मांजर आवडणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटेल? मी 64.3 हा आकडा स्लाइडवर भल्या मोठ्या फॉन्टमध्ये टाकला होता. खाली एका पिल्लाचा फोटो.

दादाने विचारलं, "यात स्ट्रेंजर कुठे आहे?"

तो प्रश्न का बोचला

या पेपरच्या चाचणीत परकी व्यक्तीच नाही. मांजर घाबरलं, एकटं पडलं, मग एक माणूस आला आणि ते सावरलं. पण तो माणूस *आपला* होता म्हणून सावरलं, की कुणीही आलं असतं तरी सावरलं असतं? अटॅचमेंट या कल्पनेचा गाभाच असा की ती विशिष्ट व्यक्तीशी असते. तेवढंच या रचनेतून थेट सिद्ध होत नाही. शिवाय क्रमाची अदलाबदलही इथे नाही. तिसरा टप्पा नेहमी तिसराच.

लेखकांच्या बाजूनेही बोलायला हवं. ही छोटी चाचणी त्यांनी हवेतून आणलेली नाही. ती आधी वानरांवर आणि कुत्र्यांवर वापरलेली आहे, आणि तिन्हींची तुलना करता यावी म्हणूनच त्यांनी तीच घेतली. शिवाय त्यांनी 'सर्व मांजरं मिळून सरासरी' न बघता एकेका मांजराची शैली बघितली, हा मोठा फायदा आहे. काही मांजरं बिलगतात, काही लांब राहतात. सरासरी काढली तर दोघं एकमेकांना पुसून टाकतात आणि हाती येतं "काही विशेष नाही". 2015 च्या पेपरमध्ये काही प्रमाणात असंच झालं असण्याची शक्यता आहे.

म्हणजे 2015 च्या पेपरमध्ये कंट्रोल चांगले, पण मांजरं 20 आणि नजर सरासरीवर. 2019 च्या पेपरमध्ये मांजरं जास्त, नजर व्यक्तीवर, पण परकी व्यक्ती गायब. एक दुसऱ्याला खोटं पाडत नाही. दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारलेत, फक्त मथळे एकाच प्रश्नाचे आहेत.

आणि खरं सांगायचं तर दादाचा प्रश्न बोचला तो वेगळ्याच कारणाने. तो पेपर मी मेथड्स न वाचता निवडला होता. निष्कर्ष मला हवा तसा होता, मग मेथड्स कशाला बघायच्या? आई "मांजर घराचं असतं" हे जितक्या तपासणीने म्हणत होती, तितक्याच तपासणीने मी "64.3 टक्के" म्हणत होते. तिचा पूर्वग्रह म्हणीतून आलेला, माझा जर्नलमधून. बस, एवढाच फरक.

दोन्ही पेपरमध्ये न दिसणारी गोष्ट: खोली

जर्नल क्लबनंतर मी दोन्ही पेपरच्या मेथड्स शेजारी ठेवून वाचल्या. एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. मांजराला अनोळखी खोलीत आणलंय.

माणसाच्या बाळाला अनोळखी खोली म्हणजे थोडी धास्ती, थोडं कुतूहल. कुत्रा तर रोज मालकाबरोबर बाहेर फिरतो. पण मांजर हा मुळात जागा धरून राहणारा प्राणी. त्याला पिंजऱ्यात घालून, गाडीतून, परक्या वासाच्या खोलीत नेलं तर आधी काय सुचेल? लपावंसं वाटेल. नेदरलँड्समधला 2014 चा एक छोटा अभ्यास आहे. निवारा केंद्रात नव्याने आलेल्या मांजरांपैकी 10 जणांना लपायला खोकं दिलं, 9 जणांना दिलं नाही. पहिल्या काही दिवसांत खोकंवाल्या मांजरांचा ताण लवकर उतरला. म्हणजे घाबरलेल्या मांजराचा पहिला आधार अनेकदा आडोसा असतो.

आता अशा मांजराला आपण कुत्र्याच्या आणि बाळाच्या फूटपट्टीने मोजतो: "मालकाकडे धावत गेलं का?" नाही गेलं. "मग जिव्हाळा नाही." हा निष्कर्ष प्राण्याबद्दल कमी आणि फूटपट्टीबद्दल जास्त सांगतो. माशाला झाडावर चढायला लावण्याचं जुनंच उदाहरण. फक्त इथे झाड इतकं साधं दिसतं की ते झाड आहे हेच लक्षात येत नाही.

घरच्या मैदानावर काय दिसतं

मांजराला त्याच्या घरी तपासलं तर? टोकियोमध्ये अत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी 2013 मध्ये तेच केलं. 20 मांजरांना त्यांच्याच घरी आवाज ऐकवले. आधी एकामागून एक तीन परके आवाज, मग मालकाचा. परक्या हाका ऐकून ऐकून मांजरांचा प्रतिसाद कमी होत गेला, आणि मालकाची हाक आली की पुन्हा वाढला. म्हणजे ओळख पटली. पण हा प्रतिसाद होता कान हलवण्याचा, मान वळवण्याचा. बहुतेक मांजरं उठून आली नाहीत, ओरडली नाहीत.

जगभर मथळे काय झाले असतील, ओळखा. "मांजर तुम्हाला ओळखतं, पण भाव देत नाही." प्रयोगाचा प्रश्न होता *ओळखतं का*. उत्तर मिळालं *हो*. "भाव देत नाही" हे आपण खिशातून काढून जोडलं. स्पीकरमधून आवाज येतोय, माणूस दिसत नाहीये, तर उठून जायचं कुठे?

2021 चा क्योतोचा प्रयोग तर याचा नमुनाच. मालक एक डबा उघडायचा प्रयत्न करतो आणि मदत मागतो. एक व्यक्ती मदत करते किंवा चक्क नाकारते, दुसरी नुसती बसून असते. नंतर दोघं मांजराला खाऊ देतात. हाच प्रयोग आधी कुत्र्यांवर झाला होता, आणि नकार देणाऱ्याकडून कुत्र्यांनी खाऊ घ्यायचं टाळलं होतं. मांजरांनी असा भेद केला नाही. झालं, मांजर बेइमान ठरलं. लेखकांनी स्वतःच बजावलं होतं की मांजरांना तो डब्याचा आणि मदतीचा प्रसंग समजलाच नसेल, अशीही शक्यता आहे. न समजलेल्या भांडणात बाजू घेतली नाही म्हणून बेइमान? मग मीही आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बेइमानच.

आणि डोळे मिटून दूध पिण्याबद्दल. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथच्या संशोधकांनी मांजराचे अर्धे मिटलेले डोळे हाच विषय घेतला. मालकाने सावकाश डोळे मिचकावले तर मांजरंही डोळे बारीक करून प्रतिसाद देतात असं त्यांना दिसलं. दुसऱ्या प्रयोगात अनोळखी संशोधकाने आधी असे डोळे मिचकावले, तेव्हा मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ जाण्याची शक्यता जास्त होती. पहिल्या प्रयोगात 21 मांजरं, दुसऱ्यात 24. आकडे लहान आहेत, त्यामुळे "हे मांजराचं हसू आहे" वगैरे मी म्हणणार नाही. पण ज्या खुणेला आपण चोराची खूण ठरवलं, ती निवांतपणाची असू शकते, एवढं मानायला जागा आहे.

तुमच्यासाठी चार प्रश्न

मुलाखत असो, सिनॉप्सिस असो की जर्नल क्लब, कोणताही वर्तनावरचा पेपर हातात आला की मी आता हे चार प्रश्न वहीत लिहिते:

1. रोजच्या भाषेतल्या शब्दाचं मोजमापात भाषांतर कसं केलंय? त्या भाषांतरात काय सांडलं?
2. फूटपट्टी मुळात कोणासाठी बनवलेली होती? या प्राण्याला ती लावण्याचं कारण लेखकांनी दिलंय का?
3. कोणती तुलना *नाही*? परकी व्यक्ती, उलटा क्रम, रिकामी खोली. जे नाही ते दिसायला सगळ्यात अवघड असतं.
4. निष्कर्ष मला आवडला का? आवडला असेल तर मेथड्स दोनदा वाचायच्या.

चौथा प्रश्न कुठल्याही पुस्तकात मिळाला नाही. तो सगळ्यांसमोर गप्प उभं राहून मिळाला.

चिंगीचं काय झालं

मी आईला पेपर पाठवला नाही. पाठवून काय सांगणार होते, "चिंगीचं तुझ्यावर प्रेम आहे, 64.3 टक्के"? फोन केला आणि एवढंच म्हणाले, "आई, तिचा आपल्यावर जीव आहे की नाही, ते मला माहीत नाही. पण तुझंच खरं धर. मांजर घराचं असतं. मग घरच पडणार आहे ना?"

आई थोडा वेळ गप्प होती. आम्ही दोघी इतके दिवस चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो. ती मतलबी आहे की प्रेमळ, यावर तिला न्यायचं की नाही हे ठरणारच नव्हतं. ठरणार होतं ते यावर की रिकाम्या झालेल्या, पाडायला काढलेल्या बिल्डिंगमध्ये तिला खायला कोण घालणार. त्याचं उत्तर शोधायला जर्नल लागत नव्हतं. "मांजर काय, कुठेही जगतं" या वाक्याची ही किंमत आहे. ते ऐकायला मांजराचं कौतुक वाटतं, प्रत्यक्षात ते आपली सुटका करतं. मासळी बाजारात पोत्यातून सोडलेल्या पिल्लांच्या मागे हेच वाक्य असतं.

चिंगी भाजीच्या क्रेटमध्ये बसून, वरून जुनी साडी बांधून, रिक्षाने नव्या घरी गेली. नेदरलँड्सच्या अभ्यासाला स्मरून मी पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवायला सांगितलं होतं. तीन दिवस ती त्यातून फक्त रात्री बाहेर आली. चौथ्या दिवशी दुपारी शिवणयंत्रावर जाऊन झोपली.

आई फोनवर म्हणाली, "बघ, मशीनवर बसली. माझ्याजवळ नाही आली."

मी म्हटलं, "मशीन चालवतं कोण?"

आता मशीनचा वास, आईचा वास, उंच जागा आणि खिडकीतलं ऊन, यातलं कोणतं कारण खरं, हे वेगळं करायला माझ्याकडे कंट्रोल नाही. सॅम्पल साइज एक. निष्कर्ष शून्य. पण मांजर घरात आहे.

जमलं तर एक करा. 2015 चा 'प्लॉस वन'मधला पेपर मोफत वाचता येतो. त्याच्या फक्त मेथड्स वाचा आणि एका पानावर लिहा: हाच प्रयोग मांजराच्या घरी, परक्या व्यक्तीसकट, क्रम उलटापालट करून कसा कराल? काय बिघडेल तेही लिहा. मुलाखतीत "एखादा पेपर सांगा" आलं, तर ते पान उपयोगी पडेल.